बोअरच्या पाण्यात कोणते मासे नांदतात?

फिश टँक घ्यायला गेलं की दुकानदार तीन गोष्टी विचारतो: टाकी किती फुटांची हवी, बजेट किती आणि मासे कोणते आवडतात. घरी पाणी कुठलं येतं, हे क्वचितच कुणी विचारतं. खरं तर मासे वर्षभर टिकणार की दर पंधरवड्याला एखादा पोट वर करून तरंगणार, हे बरंचसं त्याच उत्तरावर ठरतं.

मुंबईकरांच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं. पावसाचं साठवलेलं, तुलनेने मऊ पाणी. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणीही बहुधा मऊच. पण घाट चढून दख्खनच्या पठारावर आलं की मामला बदलतो. महापालिकेचं पाणी धरणाचं असलं तरी सोसायटीच्या टाकीत बोअरची आणि टँकरची भर पडतेच. असं जड, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गीझरची कॉइल पांढऱ्या थराने जाडजूड होते, स्टीलच्या बादलीला आतून खरखरीत कडं चढतं, साबणाला फेस येत नाही आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही वरण मिळून येत नाही.

अशा घरात टाकी मांडायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे. पाण्याला आपल्या आवडत्या माशांजोगं करायच्या नादी लागू नका. या पाण्याला मानवणारे मासे आणा. ते भरपूर आहेत, स्वस्त आहेत आणि देखणेही आहेत.

जडपणाचे दोन आकडे

पाऊस मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो आणि किंचित आम्ल होतो. हे पाणी बेसाल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपतं आणि खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट येतं. बोअरमधून वर येतं ते हे सगळं घेऊनच.

मासे पाळणारे लोक यातले दोन आकडे वेगवेगळे मोजतात. पहिला जीएच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती, ते तो सांगतो. माशाच्या शरीराशी थेट संबंध याचा. दुसरा केएच, म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट किती. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, जागेवर धरून ठेवण्याचं काम हा करतो. बोअरच्या पाण्यात सहसा दोन्ही वाढलेले असतात, पण एकाच प्रमाणात असतीलच असं नाही.

दोन्ही आकडे ‘डिग्री’त सांगतात. एक डिग्री म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). सोसायटीने पाणी तपासून घेतलं असेल तर त्या रिपोर्टात ‘टोटल हार्डनेस’ अशी ओळ असते. तिथे ३२० लिहिलं असेल तर १७.९ ने भागा, म्हणजे साधारण १८ डिग्री. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. डिग्रीत सांगायचं तर ११ आणि ३३. बाराच्या पुढे गेलं की पाणी जड समजून मासे निवडायचे.

रिपोर्ट नसेल तर थेंबांचा टेस्ट किट घ्या. काचेच्या छोट्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, एक थेंब टाकायचा, झाकण लावून नळी उलटीसुलटी करायची. जीएचच्या नेहमीच्या किटमध्ये पाणी आधी नारिंगी दिसतं. मोजत मोजत थेंब टाकत राहायचं आणि ज्या थेंबाला नारिंगीचं हिरवं होईल तितक्या डिग्री. केएचमध्ये निळ्याचं पिवळं होतं. नळी पांढऱ्या कागदासमोर धरली तर रंग पालटल्याचं चटकन कळतं. पाणी फारच जड असेल तर वीस-बावीस थेंब टाकेपर्यंत कंटाळा येतो आणि बाटलीही लवकर संपते. मग निम्मंच पाणी घ्या आणि प्रत्येक थेंब दोन डिग्रीचा धरा. कागदी पट्ट्याही मिळतात, पण त्यांचे रंग पाहून घरातल्या चार जणांची चार मतं होतात.

पेनासारखा टीडीएस मीटर हल्ली बऱ्याच घरांत असतो. त्याच्या आकड्याला जडपणा समजू नका. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो आणि त्यात मीठ किती, कॅल्शियम किती ते सांगत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मीटरचा आकडा बक्कळ येईल, पण त्यात मोठा वाटा सोडियमचा असू शकतो. तिथे जीएच वेगळा मोजल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

माशाच्या अंगात काय चालतं

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीरही तसंच फुगायला बघत असतं, कारण त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कल्ल्यांमधून पाणी सतत आत शिरतं आणि क्षार सतत बाहेर निसटतात. मासा मूत्रपिंडातून पातळ लघवी करत जादा पाणी बाहेर टाकत राहतो आणि कल्ल्यांमधल्या खास पेशी पाण्यातले क्षार ओढून आत घेत राहतात. हा उद्योग चोवीस तास चालतो.

कॅल्शियम इथे कामी येतं. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्याला घट्ट ठेवतं, गळती कमी करतं. लाखो वर्षं जड पाण्यात राहिलेल्या माशाला या मदतीची सवय असते. त्याला मऊ पाण्यात टाकलं की गळती वाढते आणि ती भरून काढता काढता तो थकतो. मॉली नावाच्या माशात हे अगदी डोळ्यांना दिसतं. मासा एका जागी उभा राहून डावीउजवीकडे डुलत राहतो, पुढे सरकत नाही, पंख अंगाला चिकटलेले. हौशी लोक याला ‘शिमी’ म्हणतात. दुकानदार औषध देतो, आणि खरी गरज बहुतेक वेळा कॅल्शियमची असते.

उलट बाजूने, ॲमेझॉनच्या काळ्या, जवळपास क्षारहीन पाण्यातला कार्डिनल टेट्रा क्षार जपून ठेवण्यात पटाईत असतो. त्याला अठरा डिग्रीच्या पाण्यात ठेवलं तर तो लगेच मरत नाही, म्हणून दुकानदार ‘सगळं चालतं’ म्हणू शकतो. पण अशा माशांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, आयुष्य कमी होतं आणि अंडी घातली तरी बहुधा फळत नाहीत. ‘जगतोय’ आणि ‘नांदतोय’ यात फरक असतो.

पीएच उतरवायच्या बाटल्या

जड पाण्याचा पीएच बहुधा ७.६ ते ८.४ च्या दरम्यान असतो. नवखा माणूस कुठेतरी वाचतो की माशांना ७ लागतो, आणि ‘पीएच डाउन’ची बाटली घेऊन येतो. आम्ल टाकलं की पीएच उतरतो खरा, पण केएच ते आम्ल पचवून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पीएच परत वर. माणूस पुन्हा टाकतो. असं करता करता केएच संपला की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो एका रात्रीत कोसळतो. माशांना ८.२ चा स्थिर पीएच सोसतो, रोजची चढउतार सोसत नाही. पाणी निवळायला तुरटी फिरवायची सवय असेल तर टाकीच्या पाण्याला तीही नको. तुरटीसुद्धा केएच खाते.

सोसायटीत मिठाच्या गोण्या लागणारा वॉटर सॉफ्टनर असेल तर आणखी एक घोळ. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. केएच तसाच राहतो. म्हणजे गप्पीला हवं ते कॅल्शियम गेलं आणि टेट्राला हवं ते क्षारहीन पाणीही मिळालं नाही. टाकीसाठी पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं घ्या.

आरओ वापरायचाच असेल तर सरमिसळीसाठी. बोअरचं २४ डिग्रीचं पाणी आणि तितकंच आरओचं मिळून १२-१३ डिग्रीचं होतं, आणि त्यात निवडीला पुष्कळ वाव मिळतो. मात्र हा हिशेब दर वेळी पाणी बदलताना सांभाळावा लागतो. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नका. काटकसर म्हणून ते करायचा मोह होतो, पण आरओने काढलेले क्षार सगळे त्यातच गोळा झालेले असतात.

जड पाण्यातला खरा धोका

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप बरंचसं निरुपद्रवी, मुक्त अमोनिया हे रूप कल्ले जाळणारं. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. ८.५ ला सुमारे पंधरा टक्के. पाणी ३० अंशांपर्यंत तापलं की पीएच ८ लाच सात-साडेसात टक्के.

मुंबईतल्या मित्राच्या टाकीत जेवढ्या घाणीने मासे नुसते सुस्तावतात, तेवढ्याच घाणीने तुमच्या टाकीतले मासे वर येऊन धापा टाकू लागतील. म्हणून जड पाण्याच्या टाकीत घाई परवडत नाही. नवी टाकी भरून फिल्टर सुरू केला की त्यात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते वसेपर्यंत मासे नकोत, किंवा दोन-तीन प्लॅटी मासेच. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीच्या फिल्टरमधला मळका स्पंज मिळाला तर हा काळ बराच आटोपतो. तो मळ दिसायला ओंगळ, पण किमतीला सोन्यासारखा. जमेची बाजू अशी की हे जिवाणू अल्कधर्मी पाण्यात जोमाने वाढतात आणि त्यांना लागणारं बायकार्बोनेट इथे मुबलक असतं.

नवे मासे आणतानाही हेच गणित. दुकानाचं पाणी आणि घरचं पाणी यांच्या क्षारांत मोठी तफावत असेल तर पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून भागत नाही, त्याने फक्त तापमान जुळतं. मासे बादलीत काढून टाकीचं पाणी सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडा, तासभर. मेडिकलमध्ये मिळणारा सलाईन सेट यासाठी झकास चालतो, त्याच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा धरता येतो. मात्र मासे कुरिअरने आले असतील आणि पिशवीत दिवसभर कोंडलेले असतील तर हा थाट करू नका. बंद पिशवीत त्यांच्याच श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात आपण आठ पीएचचं पाणी थेंब थेंब घालायला बसलो तर आगीत तेल. असे मासे तापमान जुळवून, जाळीने उचलून, पिशवीचं पाणी टाकून देऊन लगेच टाकीत सोडावेत.

कुणाला घरात घ्यायचं

जड पाण्याचे हक्काचे मासे म्हणजे अंडी न घालता थेट पिल्लं देणारी मंडळी: गप्पी, मॉली, प्लॅटी आणि सोर्डटेल. गप्पी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे तो डासांमुळे, कारण डबक्यांत आणि हौदांत डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं तो सोडतं. मूळचा तो त्रिनिदाद, व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादमधून रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी १८६६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला त्याचे नमुने धाडले आणि त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. गंमत म्हणजे त्याआधी १८५९ मध्येच एका जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं होतं, आणि शास्त्रीय नाव त्या वर्णनाचंच टिकलं.

मॉलीच्या एका जातीचं घर मेक्सिकोतलं युकाटान. हा सगळा द्वीपकल्प चुनखडीचा, वर नदी क्वचितच वाहते, पाणी दगडाच्या पोटातून येतं. मॉलीला जड पाणी का लागतं ते यावरून कळावं. ‘मॉलीला मीठ घालावंच लागतं’ हा दुकानातला ठरलेला सल्ला मऊ पाण्याच्या टाकीतून आलेला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असताना मिठाची गरज नसते, आणि ते वनस्पतींना आणि कोरीसारख्या तळमाशांना बाधतं.

या चौघांना ठेवताना एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर माद्यांचा पिच्छा पुरवून त्यांना दमवतात. सोर्डटेलचे दोन नर छोट्या टाकीत एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत, आणि उडी मारून बाहेर पडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, तेव्हा झाकण हवंच. प्लॅटी आणि सोर्डटेल एकत्र ठेवले तर त्यांचा संकर होतो. शुद्ध रंग जपायचे असतील तर दोघांतला एकच निवडा.

यानंतर माझी पसंती रेनबो माशांना, आणि आपल्याकडे ते म्हणावे तितके पाळले जात नाहीत याचं मला नवल वाटतं. पुढून निळा, मागून केशरी असा बोसमनी रेनबो न्यू गिनीच्या पश्चिम टोकाकडच्या आयामारू तलावांतला. तो चुनखडीचाच प्रदेश. दुकानात तो फिका, राखाडी दिसतो म्हणून कुणी घेत नाही. सहा-आठ जणांचा थवा चार फुटांच्या टाकीत काही महिने नीट खाऊन-पिऊन राहिला की रंग चढतो, आणि सकाळी दिवा लागताच नर एकमेकांसमोर पंख फुलवून मिरवायला लागतात. टाकी लहान असेल तर त्याचा बुटका भाऊबंद नियॉन रेनबो घ्या. तो मध्यम जड पाण्याशी जुळवून घेतो.

झेब्रा डॅनियो हा तर आपल्या उपखंडातलाच, काटक आणि जड पाण्याला न बिचकणारा. काचमासाही इथलाच. त्याच्या पारदर्शक अंगातून काटे मोजता येतात. मात्र त्याच्या अंगावर गुलाबी, हिरव्या रेघा दिसल्या तर घेऊ नका. तो रंग कृत्रिमरीत्या अंगात भरलेला असतो, आणि त्या छळातून गेलेले मासे फार टिकत नाहीत. तळाला टाकीत पैदास झालेले ब्राँझ कोरी आणि काच चाटायला एखादा ब्रिसलनोज. ‘सकर’ म्हणून बोटभर लांबीचा जो मासा विकतात तो नको, तो फूटभर वाढतो. गोगलगाईंना तर हे पाणी स्वर्गच, शंख गुळगुळीत आणि धडधाकट राहतो. मऊ पाण्यात तोच शंख टोकाकडून झिजून पांढरा पडतो.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ११० लिटर पाणी राहतं. तिथे दोन नर आणि चार माद्या प्लॅटी, आठ नर गप्पी, सहा कोरी आणि एक ब्रिसलनोज हा संसार २४ ते २६ अंशांना सुखाने चालतो. गप्पीचे फक्त नर घेतले की रंगही मिळतो आणि लोकसंख्याही आवरते.

पाणी जुळलं म्हणून स्वभाव जुळतोच असं नाही. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. फायटरला झुबकेदार शेपटीचा गप्पी प्रतिस्पर्धी वाटू शकतो. एंजल मोठा झाला की गप्पी त्याच्या तोंडात मावतो. आणि गोल्डफिश, जो दुकानात गप्पीच्या शेजारच्याच टाकीत असतो, त्याला जड पाणी चालतं पण थंड लागतं. शिवाय तो इतकी घाण करतो की वर सांगितलेलं अमोनियाचं गणितच कोलमडतं. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, रॅम, जंगलातून पकडलेला डिस्कस ही नावं जड पाण्याच्या यादीतून खोडून टाका.

आफ्रिकेच्या तलावांतले सिचलिड हे जड पाण्याचे मासे म्हणून विकले जातात. ते अर्धसत्य आहे. टांगानिका तलावाचा जीएच दहा-अकरा डिग्रीच, पण केएच सतरा-अठराच्या घरात आणि पीएच ९ च्या आसपास. मलावी तलावाचा जीएच तर अवघा चार-पाच, म्हणजे खरं तर मऊ. त्या माशांना हवा असतो चढा आणि न हलणारा पीएच. आपल्या बोअरच्या पाण्यात ते झकास राहतात, पण त्यांना गप्पी-प्लॅटीसोबत ठेवू नका. मलावीचे एम्बुना हद्दीसाठी जिवावर उठतात. शिवाय ते खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे, रोज मांसाहारी खाद्य मिळालं तर पोट फुगून मरू शकतात. त्यांची टाकी वेगळीच मांडावी.

वनस्पतींचं थोडक्यात. व्हॅलिस्नेरिया लावा. पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती थेट कार्बन काढून घेते, त्यामुळे जिथे इतर नाजूक वनस्पती रडतखडत वाढतात तिथे ही रानोमाळ पसरते. हॉर्नवर्ट, अनुबियास आणि जावा फर्नही चालतात. पानांवर पांढरी भुकटी बसली तर रोग समजू नका, तो चुना आहे. काचेवरची पांढरी रेघ व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघते, फक्त तो थेंब टाकीत ओघळू देऊ नका. शंखशिंपले आणि संगमरवराचे तुकडे सजावटीला नकोत, त्यांच्यातून आणखी चुना सुटतो. नदीतून आणलेल्या दगडावर व्हिनेगर टाकून पाहा, बुडबुडे आले तर तो बाहेरच बरा. कोकणातल्या मऊ पाण्यात गप्पी ठेवणाऱ्यांनी नेमकं उलट करावं, शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावा.

उन्हाळा आणि टँकर

वाफ होताना फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतून एप्रिलच्या आठवड्यात १० लिटर पाणी उडालं आणि आपण १८ डिग्रीच्या बोअरच्या पाण्याने ते भरून काढलं, तर जीएच आठवड्याला जवळपास दोन डिग्रीने चढतो. महिन्यात सात. काही चुना काचेवर बसून कमी होतो, पण दिशा तीच. म्हणून उडालेलं पाणी आरओच्या चांगल्या पाण्याने भरा, आणि बदलायचं पाणी बोअरचं घ्या. दर आठवड्याला वीस टक्के बदललं की पुरतं.

बोअरचं ताजं पाणी थेट ओतू नये. जमिनीखालून येताना त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ड्रममध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवलं की ते मोकळं होतं, पीएचही आपल्या मूळ जागी येतो. महापालिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. शेतीपट्ट्यातल्या बोअरमध्ये खतांचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, ते एकदा तपासून घ्या. पाणी बदलून नायट्रेट कमी करायला जावं आणि नव्या पाण्यातच ते असावं, असं होतं.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे स्रोताचा बेभरवसा. पावसाळ्यात धरणाचं मऊ पाणी, मार्चपासून बोअर, मेमध्ये कुठल्या तरी विहिरीचा टँकर. यावर तोडगा साधा आहे. बदलायच्या पाण्याचा ड्रम भरल्यावर त्याचा जीएच आणि केएच मोजा. टाकीच्या पाण्यापेक्षा चार-पाच डिग्रीचा फरक दिसला तर त्या आठवड्यात एकदम वीस टक्के न बदलता, एक-दोन दिवसांच्या अंतराने थोडं थोडं बदला.

औषध टाकण्याआधी

गप्पी-मॉलीच्या ओठांवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर दुकानात बुरशीचं औषध मिळेल. बऱ्याचदा ती बुरशी नसून कॉलमनॅरिस नावाचा जिवाणू असतो, आणि त्याला जड, कोमट पाणी मानवतं. कॅल्शियम असलं की तो कल्ल्यांना जास्त घट्ट चिकटतो. त्याच्यावर टेट्रासायक्लिनच्या गटातली औषधं पाण्यात टाकली जातात, पण तीच औषधं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधली जाऊन निम्मी-शिम्मी निकामी होतात. म्हणून जड पाण्यात ती खाद्यातून देणं जास्त उपयोगाचं. तांब्याच्या औषधांचंही तसंच. चढ्या केएचमध्ये तांबं गाळ होऊन खाली बसतं, डोसचा अंदाज चुकतो, आणि गोगलगाई मात्र हमखास मरतात. मत्स्यरोगांचा जाणकार पशुवैद्य जवळपास असेल तर आधी त्याला विचारा.

पैदास केंद्रांतून येणाऱ्या गप्पी-मॉलीत आणखी एक पाहुणा सापडतो. गुदद्वारातून तांबड्या दोऱ्याची टोकं डोकावताना दिसली तर तो कॅमॅलॅनस कृमी. त्यावर लेव्हामिसोल हे जनावरांचं जंताचं औषध चालतं. म्हणूनच नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवायचे. प्लॅस्टिकचा टब आणि स्पंज फिल्टर एवढंच त्याला लागतं.

मॉली-प्लॅटीच्या माद्या ठेवल्या की पिल्लं होणारच, साधारण दर चार आठवड्यांनी. एकदा नराची संगत झाली की मादी शुक्राणू साठवून पुढच्या कितीतरी वेती नराशिवाय देते, त्यामुळे ‘नर काढून टाकला’ हा उपाय लगेच लागू पडत नाही. टाकीत दाट झुडपं नसतील तर मोठे मासे बरीच पिल्लं खातात, आणि ते तसं होऊ द्यावं. उरलेली मित्रांना द्या, दुकानदाराला द्या. ओढ्यात, तळ्यात मात्र सोडू नका. हे मासे इथले नाहीत, काटक आहेत, आणि स्थानिक माशांची पिल्लं आणि खाद्य दोन्ही फस्त करतात. डासांसाठी कुठे गप्पी सोडायचे आणि कुठे नाही, ते आरोग्य खात्याला ठरवू द्या.